वर्डलमध्ये ‘आय-जी-एच-टी’वर अडकलात तर

वर्डल हा पाच अक्षरी इंग्रजी शब्द ओळखायचा खेळ. अक्षर बरोबर जागी असेल तर हिरवं, शब्दात असून जागा चुकली असेल तर पिवळं आणि शब्दात नसेल तर करडं होतं. शब्दाची शेवटची चार अक्षरं, आय-जी-एच-टी, हिरवी झाली की जिंकल्यासारखं वाटतं. खरा धोका तिथेच असतो. फाईट, लाईट, माईट, साईट, नाईट, राईट, टाईट आणि ‘आठ’ या अर्थाचा एट, असे नेहमीच्या वापरातले आठ शब्द या साच्यात बसतात. डाव एकूण सहा प्रयत्नांचा. एकेक शब्द टाकून पाहिलात तर प्रयत्न आधी संपतील.

अशा वेळी एक प्रयत्न मुद्दाम खर्च करा आणि ‘फिल्म्स’ टाका. एफ, एल, एम, एस ही चारही अक्षरं एकदम तपासली जातात. त्यातलं एखादं रंगलं की उत्तर हातात: एफ हिरवा असेल तर फाईट, एल पिवळा असेल तर लाईट. चारही करडी आली तर पुढचा शब्द ‘इनर्ट’ (आय-एन-ई-आर-टी): एन रंगला तर नाईट, आर रंगला तर राईट, ई रंगला तर एट, तिन्ही करडी तर टाईट. इनर्टमधला शेवटचा टी हिरवाच येणार, तिकडे लक्ष देऊ नका. म्हणजे जास्तीत जास्त तिसऱ्या प्रयत्नात शब्द सापडतो.

हार्ड मोडमध्ये, म्हणजे खेळाच्या कडक नियमांच्या प्रकारात, मात्र हे चालत नाही, कारण हिरवं अक्षर त्याच जागी ठेवावंच लागतं. तिथे हा साचा दिसायच्या आधीच, पहिल्या दोन शब्दांत, एस, आर, एल, एन तपासून घेणं उत्तम.