परग्रहाचं घड्याळ लावताना या चुका टाळा

माझ्या पहिल्या विज्ञानकथेतले परग्रहवासी 'क्रोन'मध्ये वेळ मोजायचे. एक क्रोन म्हणजे आपली सत्तर मिनिटं. मोठ्या हौसेनं ती कथा इंदूरला, रामबागेत, आत्याला वाचून दाखवली. ती पातेल्यावर चाळणी ठेवून पोहे वाफवत होती. तिसऱ्या पानावर तिनं अडवलं. "अरे, त्या बाईनं पोहे किती वेळ ठेवायचे? क्रोनचा कितवा हिस्सा?" मला सांगता येईना. आत्यानं पोह्यांवर जिरावण मसाला भुरभुरवला आणि बशी पुढे सरकवली.

सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. नाव नवं, पण वेळ आपलीच. तपासायला सोपं आहे. कथेतल्या प्रत्येक 'क्रोन'च्या जागी 'तास' टाकून वाचा. कुठेच काही बिघडलं नाही, तर तुमच्या एककाला कथेत काम नाही.

दुरुस्ती करायची तर एकक कशातून जन्मलं ते शोधावं लागतं. आपली घटका बघा. बुडाला बारीक भोक असलेली वाटी पाण्यावर सोडायची. ती भरून बुडाली की एक घटका, म्हणजे २४ मिनिटं. दिवसात अशा ६०. 'घटका भरली' हा वाक्प्रचार नसून एकेकाळी डोळ्यांसमोर घडणारी गोष्ट होती. घटकेची ६० पळं, आणि सूर्यसिद्धान्त या जुन्या ज्योतिषग्रंथाच्या हिशेबानं एका पळात सहा प्राण, म्हणजे सहा श्वास. दिवसाचे झाले २१,६०० प्राण. वर्तुळाच्या कलाही (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) २१,६००च! म्हणजे तुम्ही एक श्वास घेता तेवढ्यात आकाश एक कला सरकतं (काटेकोर बोलायचं तर हा नाक्षत्र दिवसाचा, म्हणजे सूर्याऐवजी ताऱ्यांवरून मोजलेल्या दिवसाचा हिशेब). जुने ज्योतिषी ज्या उज्जैनवरून मध्यरेषा धरत, ते आमच्या इंदूरपासून जेमतेम ५५ किलोमीटरवर. वाटी, श्वास आणि आकाश एका माळेत ओवलेलं एकक मी तरी दुसरं पाहिलेलं नाही.

आता तीच वाटी मंगळावर न्या, बंद वसाहतीत. गुरुत्वाकर्षण आपल्या ०.३८ पट. भोकातून पाणी शिरण्याचा वेग गुरुत्वाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो, त्यामुळे २४ मिनिटांची घटका भरायला तिथे साधारण ३९ मिनिटं लागतील. मंगळाचा दिवस २४ तास ३९ मिनिटं ३५ सेकंदांचा. भागाकार केला तर ६० ऐवजी जेमतेम ३८ घटका येतात. तिथल्या भटजींनी मुहूर्त कसा काढायचा, इथून तुमची कथा सुरू होते.

दुसरी चूक म्हणजे सगळं दहाच्या पटीत. फ्रान्समध्ये क्रांतीनंतर १७९३ साली दहा तासांचा दिवस आणि शंभर मिनिटांचा तास कायद्यानं आणला. १७९५ मध्ये सक्ती गुंडाळावी लागली. दहाला तीननं भाग जात नाही. ज्या शहरानं मिलच्या भोंग्यावर तीन पाळ्यांत दिवस काढले, तिथल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. मात्र कथा यानात घडत असेल, खिडकीबाहेर सूर्य उगवत नसेल, तर नुसते सेकंद मोजणं शोभतं. हजार सेकंद म्हणजे १६ मिनिटं ४० सेकंद, दहा लाख म्हणजे साडेअकरा दिवस, शंभर कोटी म्हणजे जवळजवळ ३२ वर्षं. "तिला अजून शंभर कोटी पुरे व्हायचेत," हे वाक्य मला आवडतं.

ग्रहाची एक गिरकी म्हणजे एक दिवस, असं धरू नका. गिरकी २० तासांची आणि वर्षात ४० गिरक्या असतील, गिरकी आणि प्रदक्षिणा एकाच दिशेनं असतील, तर सूर्योदय ३९च होतात आणि दिवस साडेवीस तासांचा पडतो. शुक्र याहून तऱ्हेवाईक. गिरकी २४३ दिवसांची, तीही उलटी; वर्ष २२५ दिवसांचं; पण एका सूर्योदयापासून दुसऱ्यापर्यंत ११७ दिवस.

कंसात आपल्या मिनिटांतलं रूपांतर देणं सोडून द्या. आपल्याकडे पाव, पाऊण, सव्वा, दीड, अडीच असताना कोष्टक कशाला? 'पाऊण घटकेत येतो' म्हणणारा माणूस लगेच तिथला वाटतो. आणि सगळ्या ग्रहाला एकच काटेकोर वेळ देऊ नका. आमच्याकडे सूर्य माथ्यावर येतो तेव्हा घड्याळात सरासरी बारा सत्तावीस झालेले असतात, आणि कुणाचं काही अडत नाही.

क्रोनवाली कथा मी पुन्हा लिहिली. आता तिथल्या बायका वेळ 'वाफां'त मोजतात. झाकणाखालून पहिली वाफ निघेपर्यंत एक वाफ. डोंगरावर पाणी कमी तापमानाला उकळतं, म्हणून वरच्या गावाची वाफ खालच्या गावाशी जुळत नाही, आणि त्यावरून मजुरीचं भांडण लागतं. आत्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"बरी झालीय. पण पातेलं कुणाचं धरायचं, मालकाचं की मजुराचं?"

चौथा खर्डा चालू आहे.