लॅपटॉपची बॅटरी जास्त वर्षे टिकावी म्हणून चार्जिंग कसे करावे

लॅपटॉप दिवसभर चार्जरला लावून ठेवला तर बॅटरी खराब होते का? ‘ओव्हरचार्ज’ होत नाही, हे नक्की. बॅटरी भरली की आतले सर्किट चार्जिंग थांबवते आणि लॅपटॉप थेट चार्जरवर चालतो. पण महिनोन्‌महिने १०० टक्क्यांवर आणि त्यातही गरम राहिलेली बॅटरी न वापरताच म्हातारी होते. माझ्या मते खरी काळजी या दोन गोष्टींची घ्यावी, बाकीचे सगळे त्यानंतर.

लॅपटॉपच्या बॅटरीतला प्रत्येक लिथियम-आयन सेल पूर्ण भरला की त्याचे व्होल्टेज साधारण ४.२ व्होल्ट असते. या ताणाखाली सेलमध्ये नको त्या रासायनिक अभिक्रिया वेग घेतात, ऋण इलेक्ट्रोडवरचा थर जाड होत जातो आणि त्यात अडकलेले लिथियम पुन्हा कामाला येत नाही. उष्णतेने हे सगळे आणखी झपाट्याने होते.

आधी बॅटरीची तब्येत तपासा

विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट (आज्ञा टाइप करण्याची खिडकी) उघडून ‘powercfg /batteryreport’ असे टाइप करा आणि एंटर दाबा. एक अहवाल तयार होतो आणि तो कुठे सेव्ह झाला तेही तिथेच दिसते. त्यातले ‘डिझाइन कपॅसिटी’ आणि ‘फुल चार्ज कपॅसिटी’ हे दोन आकडे बघा. पहिला ५०,००० आणि दुसरा ४१,००० असेल, तर बॅटरीत मूळच्या ८२ टक्के क्षमता उरली आहे. मॅकबुकमध्ये ‘सिस्टम इन्फर्मेशन’मधल्या ‘पॉवर’ विभागात सायकल काउंट, म्हणजे बॅटरी किती वेळा पूर्ण वापरली गेली तो आकडा, मिळतो. आज ६० टक्के वापरली आणि उद्या ४० टक्के, तर दोन्ही मिळून एक सायकल धरतात. मधे कितीदा चार्जर लावला याला महत्त्व नाही, त्यामुळे ‘सारखा चार्जर लावू नका’ ही भीती सोडून द्या.

मग चार्जिंगची मर्यादा लावा

एवढे एकच काम केलेत तरी माझा हा लेख सार्थकी लागला. लॅपटॉप बहुतेक वेळ टेबलावरच असेल तर चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबेल असे करून ठेवा. लेनोव्होच्या ‘व्हँटेज’ अ‍ॅपमध्ये ‘कन्झर्व्हेशन मोड’ आहे, आसुसच्या ‘मायआसुस’मध्ये ‘बॅटरी हेल्थ चार्जिंग’, तर डेल आणि एचपीच्या अनेक मॉडेलमध्ये ही सोय बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधी उघडणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) सापडते. मॅकमध्ये बॅटरी सेटिंगमधले ‘ऑप्टिमाइज्ड बॅटरी चार्जिंग’ चालू ठेवा. प्रवासाला निघायचे असेल तर आदल्या रात्री मर्यादा काढून खुशाल पूर्ण भरा. अधूनमधून १०० टक्के झाल्याने काही बिघडत नाही. तिथेच मुक्काम ठोकू देऊ नका, इतकेच.

तुमच्या लॅपटॉपमध्ये अशी सोयच नसेल तर ८० टक्क्यांच्या आसपास हाताने चार्जर काढा आणि २० टक्क्यांच्या आसपास पुन्हा लावा. मात्र यासाठी सारखे आकड्याकडे बघत काम करू नका. थोडे मागेपुढे झाले तरी चालते.

उष्णता टाळा

गादीवर, उशीवर ठेवलेल्या लॅपटॉपची हवा अडते. चार्जिंग चालू असताना गेम किंवा व्हिडिओ एडिटिंगसारखे जड काम असेल, तर लॅपटॉप कडक पृष्ठभागावर आणि मागून थोडा उचलून ठेवा. जाळीतली धूळ वेळच्या वेळी काढा. उन्हात उभ्या गाडीत लॅपटॉप कधीच सोडू नका. एक वर्ष ४० टक्के चार्जवर २५ अंश सेल्सिअसला ठेवलेल्या बॅटरीत साधारण ९६ टक्के क्षमता उरते, पण पूर्ण भरून ४० अंशांना ठेवली तर साधारण ६५ टक्केच, असे या विषयात नेहमी दिले जाणारे आकडे सांगतात. दुसऱ्या टोकाला, शून्य अंशाखाली गारठलेला लॅपटॉप खोलीच्या तापमानाला आल्यावरच चार्जिंगला लावावा.

पूर्ण रिकामी करण्याचा सल्ला

‘महिन्यातून एकदा बॅटरी शून्यावर आणा’ हा सल्ला निकेल-कॅडमियमच्या काळातला. त्या जुन्या बॅटऱ्यांना ‘मेमरी इफेक्ट’चा (सारख्या अर्धवट वापराने क्षमता कमी झाल्यासारखी होण्याचा) त्रास होता, लिथियम-आयनला तशी गरज नाही. उलट वारंवार शून्याला टेकवल्याने तिची झीज वाढते. टक्के अचानक ३० वरून ५ वर कोसळत असतील, तर मोजणी जुळवण्यासाठी एकदा पूर्ण भरून मग उतरवता येते. त्याने आकडा सुधारतो, क्षमता वाढत नाही.

लॅपटॉप महिनोन्‌महिने बंद ठेवायचा असेल तर

५० टक्क्यांच्या आसपास चार्ज करून, स्लीपवर न ठेवता पूर्ण शट डाउन करा आणि थंड, कोरड्या जागी ठेवा. दोन-तीन महिन्यांनी एकदा बघा, चार्ज उतरला असेल तर पुन्हा निम्म्यावर आणा.

आणि टचपॅड वर आलेला दिसला, खालचे झाकण फुगले किंवा लॅपटॉप टेबलावर डुगडुगू लागला, तर बॅटरी फुगली आहे असे समजा. लगेच चार्जर काढा, लॅपटॉप बंद करा. बॅटरी दाबू नका, टोचू नका. ती तंत्रज्ञाकडून बदलून घ्या आणि जुनी कचऱ्यात न टाकता ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे द्या.