पंचनाम्यातला ‘पंच’ परदेशात कुणाला कळत नाही

सांगलीत वकिली सुरू केली तेव्हा वाटायचं, इंटरपोल, प्रत्यार्पण वगैरे दिल्ली-मुंबईवाल्यांची कामं. आपल्याकडं फार तर बांधाचे वाद आणि चेक बाउन्स. मग एका हळद व्यापाऱ्याचा ईमेल कुणीतरी फोडला, आणि परदेशातल्या गिऱ्हाइकानं मालाचे पैसे तिसऱ्याच देशातल्या खात्यात भरले. फिर्याद आमच्या सिनिअरांनी लिहून दिली. तपास त्या खात्यापाशी येऊन थांबला.

परदेशी बँकेला आपले पोलीस पत्र धाडून माहिती मागू शकत नाहीत. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ११२ खाली तपास अधिकारी अर्ज करतात, कोर्ट विनंतीपत्र काढतं आणि केंद्रीय गृह मंत्रालयामार्फत ते पुढं जातं. त्याचा कच्चा खर्डा माझ्याकडं आला. “वकीलसाहेब, तुमचं इंग्रजी बरं आहे, तेवढं बघा.”

बरं कसलं! पंचनाम्यात ‘सदर इसमाने पंचांसमक्ष मुद्देमाल हजर केला’ असं होतं. मी ‘पंच’ शब्द तसाच इंग्रजी अक्षरांत ठेवला. रक्कम १२,५०,००० अशी, आपल्या स्वल्पविरामांसकट. खर्डा शंकांसह परत आला: हे पंच कोण, न्यायाधीश की पोलीस? आकडा नेमका किती? दोन महिने त्यातच गेले. तेव्हापासून पहिल्याच ओळीत ‘स्वतंत्र साक्षीदार’ लिहितो आणि रक्कम अक्षरी देतो, लाखाचे शून्य मोजून.

दुसरी खोड कलमं लिहायची. फसवणुकीच्या चारशेवीसचं आता भारतीय न्याय संहितेत ३१८(४) झालंय, पण तिकडच्या वाचणाऱ्याला दोन्ही सारखेच अगम्य. ते कृत्य त्यांच्याही कायद्यात गुन्हा ठरतं का, हे तो सहसा आधी बघतो. म्हणून कलम राहू दे बाजूला, माणसानं केलं काय ते तारीखवार सांगा. आणि ‘खात्याची सर्व माहिती’ मागू नका. खाते क्रमांक, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंतचे व्यवहार, खातं उघडतानाची कागदपत्रं, एवढंच.

या वाटेनं यायचं असेल तर नागरिक सुरक्षा संहितेचं आठवं प्रकरण आणि १९६२चा प्रत्यार्पण कायदा मुळातून वाचा. अबू सालेमला पोर्तुगालनं २००५मध्ये दिलं ते फाशी नाही, २५ वर्षांहून जास्त कैद नाही, या हमीवर. त्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा २०२२चा निकाल वाचला की देशानं दिलेला शब्द कोर्टात किती वजनाचा असतो ते कळतं. इंटरपोलची रेड नोटीस ही माणूस शोधून ताब्यात घ्या, अशी देशोदेशींच्या पोलिसांना केलेली विनंती; ती म्हणजे अटक वॉरंट, हा गैरसमज मात्र बातम्यांतच ठेवा. नोकरीच हवी असेल तर सरकारी अभियोक्त्याच्या परीक्षा आहेत: राज्यासाठी एमपीएससी, सीबीआयसाठी यूपीएससी.

आमच्या विनंतीपत्राचं उत्तर यायला सव्वा वर्ष लागलं. खातं तिसऱ्याच दिवशी रिकामं झालेलं. पण ते उघडताना दिलेला मोबाइल नंबर ९१ नं सुरू होत होता.