ठिबकमधला तांबडा चिकटा: नळ्या साफ करताना या चुका टाळा

बोअरचं पाणी वर येतं तेव्हा नितळ, पण लॅटरलचं, म्हणजे ओळीतल्या झाडांना पाणी देणाऱ्या ठिबकच्या नळीचं, टोक उघडलं की तांबडी, बुळबुळीत पिचकारी. दिंडोरी-निफाडकडच्या द्राक्षबागेत हे दिसलं की लगेच ‘पाइप गंजला’ म्हणायचं, ही पहिली चूक. लॅटरल प्लास्टिकची, गंजणार काय?

हा उद्योग बहुतेक वेळा लोहजिवाणूंचा असतो. जमिनीखाली ऑक्सिजन नसला की लोह पाण्यात विरघळलेलं राहतं. थोडी हवा लागली की गॅलिओनेलासारखे जिवाणू त्याचं ऑक्सिडीकरण करून त्या ऊर्जेवर जगतात आणि मागे तांबडा साका सोडतात. स्पेनच्या रिओ टिंटो नदीत, पीएच 2 च्या आसपास, त्यांच्याच धंद्यातले दुसरे जिवाणू राहतात. तिथल्या आम्लात लोह नुसत्या हवेने फार सावकाश बदलतं, त्यामुळे त्यांना निवांत वेळ मिळतो. आपल्या उदासीन पाण्यात मात्र हवाच ते काम झटपट उरकते. म्हणून आपले जिवाणू कमी ऑक्सिजनची जागा धरतात. बंद नळी त्यांना फारच मानवते.

औषध ओतण्याआधी एक ड्रिपर (नळीवरचं थेंब-थेंब पाणी सोडणारं तोंड) चिरून आतला थर बोटांत चोळा. चिकट, तांबडा असेल तर जिवाणू. पांढरा, खरखरीत आणि आम्ल टाकताच फसफसणारा असेल तर चुना. चुन्यावर आम्ल चालतं. चिकट्यावर नुसतं आम्ल टाकलं तर लोह थोडंफार सुटतं, पण जिवाणू टिकून राहतात आणि रंग पुन्हा येतो. तिथे क्लोरीन हवं.

क्लोरीन फिल्टरनंतर सोडणं ही तर अगदी नेहमीची चूक. क्लोरीनने विरघळलेल्या लोहाचा साका बनतो. तो फिल्टरनेच अडवायला हवा, नाहीतर थेट ड्रिपरमध्ये जाऊन बसतो. 1 मिलिग्रॅम लोहच सुमारे 0.64 मिलिग्रॅम क्लोरीन खाऊन टाकतं, त्यामुळे शेवटच्या ड्रिपरवर क्लोरीन उरतंय का ते तपासा. पाण्याचा पीएच 8 असेल तर क्लोरीनचा जोरही बराच कमी पडतो. युरिया किंवा अमोनियमयुक्त खत त्याच वेळी सोडू नका.

आम्ल आणि क्लोरीन मात्र एका टाकीत कधीही नाही! विषारी वायू निघतो.

आणि बोअर विसरू नका. नळ्या लख्ख केल्या तरी केसिंगमध्ये (बोअरच्या आत बसवलेल्या पाइपात) जिवाणूंची वस्ती शिल्लक असतेच. पंप काढला की तो मातीत लोळवू नका. एका बोअरचे दोर-पाइप क्लोरीनच्या पाण्याने धुतल्याशिवाय दुसऱ्या बोअरमध्ये उतरवू नका.