नाशकात सशासाठी डॉक्टर शोधताना

माझ्या पहिल्या सशाचं नाव तिळ्या. पांढराशुभ्र, पाठीवर तिळासारखे बारके ठिपके. मी पंचवटीत घरीच ब्लाउज शिवते. मशीनखालच्या चिंध्यांत तो तासन् तास झोपायचा. एका शनिवारी संध्याकाळी त्याने कोथिंबीर हुंगली आणि तोंड फिरवलं. रविवारी बंद असेल म्हणून थांबले. सोमवारी जवळच्या दवाखान्यात नेलं, तिथे अमॉक्सिसिलिनचं सिरप तोंडातून द्यायला सांगितलं. आधी जुलाब लागले आणि तिसऱ्या दिवशी तिळ्या गेला. ते डॉक्टर मन लावून तपासणारे होते, पण त्यांना ससा माहीत नव्हता, आणि मलाही नव्हता.

आता घरात बुंदी आहे. तिला आणण्याआधी मी तिचा डॉक्टर ठरवला. ससा दुखणं लपवतो. तो खायचा थांबला की हातात फार वेळ नसतो. दहा-बारा तास खाणं नाही आणि लेंड्याही नाहीत, म्हणजे पोट थांबत चाललंय. अशा वेळी फोन करत बसण्यात रात्र जाते.

आपल्याकडचे बहुतेक डॉक्टर दिवसभर कुत्री-मांजरं नाहीतर गाई-म्हशी बघतात. त्यामुळे पाटी मोठी आहे की लहान, याला काही अर्थ नाही. बी.व्ही.एस्सी. पदवी आहे ना आणि महाराष्ट्र राज्य पशुवैद्यक परिषदेकडे नोंदणी आहे ना, एवढं आधी विचारून घ्या. विचारायला लाजू नका. मी सातपूरपासून नाशिकरोडपर्यंत अकरा ठिकाणी फोन केले, तेही दुपारी, कारण सकाळ-संध्याकाळ तिथे गर्दी असते. "ससा बघता का?" असं विचारलं तर सगळे हो म्हणतात. म्हणून मी प्रश्न बदलले.

पहिला प्रश्न, महिन्याला किती ससे येतात? दुसरा, ऑपरेशन असेल तर रात्रभर उपाशी ठेवायचं का? कुत्र्याला ठेवतात. सशाला उलटी होतच नाही, आणि आतडं रिकामं राहिलं तर ते मंदावतं, म्हणून त्याला शेवटपर्यंत गवत खाऊ देतात. "हो, रात्री बारानंतर काही देऊ नका," असं उत्तर आलं की मी आभार मानून फोन ठेवायचे. तिसरा माझ्या जिवाचा प्रश्न: पोटातून कोणती अँटिबायोटिक देता? पेनिसिलीन, अमॉक्सिसिलिन, क्लिंडामायसिन तोंडातून गेलं की सशाच्या पोटातले उपयोगी जंतू मरतात आणि विष करणारे माजतात. हे ज्याला ठाऊक आहे तो लगेच सांगतो, शोधत बसत नाही. गोचीड-पिसवांचं औषधही विचारा. कुत्र्यांच्या पाठीवर टाकतात त्यातलं फिप्रोनिल सशाला विषारी आहे.

मादी असेल तर नसबंदीचं आत्ताच बोलून ठेवा. तीन-चार वर्षांनंतर माद्यांना गर्भाशयाचा कॅन्सर होण्याचं प्रमाण फार आहे. आजवर किती सशांची केली, हे सरळ विचारा.

अकरातून तीन उरले. तिघांकडे बुंदीला नुसतं वजनाला घेऊन गेले, आणि मी फक्त हात बघत होते. एकाने मानेची कातडी धरून उचललं. बुंदीने मागचे पाय झाडले, माझ्या पोटात गोळा आला. असं झाडतानाच सशाचा कणा मोडतो. दुसऱ्यांनी दात म्हणून फक्त पुढचे पाहिले. तिसरीकडच्या डॉक्टर मॅडमनी आधी टेबलावर टॉवेल अंथरला. एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली, आणि बुंदी त्यांच्या अंगाला टेकलेली. वजन ग्रॅममध्ये लिहिलं. पोटाला स्टेथोस्कोप लावून बराच वेळ ऐकत राहिल्या. कान बघायची दुर्बीण तोंडात घालून मागच्या दाढा तपासल्या, कारण सशाचे दात आयुष्यभर वाढतात आणि टोकदार दाढ जिभेला कापते. मग मला विचारलं, "लेंड्या केवढ्या? हरभऱ्याएवढ्या की बारीक?" तिथेच माझं ठरलं.

गवताचंही त्यांनीच सांगितलं. लसूणघास पिल्लांना ठीक, मोठ्या सशाला त्यातलं कॅल्शियम जास्त होतं. त्याला साधं वाळलेलं गवत भरपूर. द्राक्षबागेच्या बांधावरचं गवत आणू नका, तिथे फवारणी झालेली असते.

रात्रीचं मात्र त्यांच्याकडेही नाही. तेही आधीच विचारलं, आणि त्यांनी दुसऱ्या एका डॉक्टरांचा नंबर दिला. मोठं काही निघालं तर परळच्या पशुवैद्यक महाविद्यालयाच्या दवाखान्यात पाठवेन म्हणाल्या. स्वतःचा आवाका सांगणाऱ्या डॉक्टरवर माझा विश्वास जास्त बसतो.

नेताना चैत्र-वैशाखात सकाळी आठच्या आत निघा. पिंजऱ्यावर ओला पंचा, आत फडक्यात गुंडाळलेली बर्फाची बाटली. कुत्री भुंकत असतील तर रिक्षातच थांबा आणि नंबर आला की हाक मारायला सांगा. सोबत शेवटच्या लेंड्या पुडीत बांधून न्या, आणि घरचं मूठभर गवत. तपासणी झाली की बुंदी तिथेच टेबलावर खायला लागते.