मोठं मूल मुद्दाम बोबडं बोलू लागलं तर

घरात धाकटं भावंड आलं की चार वर्षांचं, एरवी स्वच्छ बोलणारं मूल अचानक "मला तॉकलेत दे" सुरू करतं. बाळाच्या प्रत्येक आवाजाचं कौतुक होतं, हे ते रोज बघत असतं. त्याला हवं असतं ते लक्ष. म्हणून रागावू नका, आणि पाहुण्यांसमोर त्याची नक्कल तर मुळीच करू नका. मुलं तो अपमान विसरत नाहीत.

त्याच्या उंचीला खाली बसा आणि नेहमीच्या आवाजात तेच वाक्य म्हणा, "चॉकलेट हवंय होय तुला?" पुन्हा म्हणून दाखवायचा आग्रह नको. ते नीट बोललं की मात्र हातातलं काम ठेवून लगेच ऐका. बाळ झोपलेलं असताना त्याला शेजारी घेऊन मटार सोला, गप्पा मारा. खरा फरक इथेच पडतो. आजी-आजोबांनाही सांगून ठेवा. लाडात येऊन तेही बोबडं बोलत राहिले, तर सवय लांबते.

एक लक्षात घ्या, 'र' आणि 'ळ' काही मुलांना पाच-सहा वर्षांपर्यंत जमत नाहीत. ती सवय नव्हे, त्यावर टोकू नका. पण चार वर्षं उलटल्यावरही बाहेरच्या माणसाला त्याचं बोलणं कळत नसेल, किंवा आधी येणारे शब्द जात असतील, तर वाट न बघता कान तपासून घ्या आणि स्पीच थेरपिस्टला दाखवा.