अणुरचना आणि आवर्तसारणी: पाठ असूनही चुकणारी उत्तरं

आठवीत के, एल, एम कवचं (केंद्रकाभोवतीचे इलेक्ट्रॉनांचे थर) भेटतात, दहावीत आवर्तसारणी येते आणि अकरावीत अचानक कक्षक (इलेक्ट्रॉन सापडण्याची शक्यता जास्त असलेला भाग) समोर उभे राहतात. प्रत्येक वर्गात एखादा नियम मिळतो आणि तो कुठपर्यंत चालतो हे सहसा कुणी सांगत नाही. उत्तरपत्रिकांमधल्या बहुतेक चुका मला त्या न सांगितलेल्या सीमेवरच सापडतात. नियम बरोबर पाठ असतो, पण वापरलेला असतो चुकीच्या मूलद्रव्यावर. म्हणून ‘नीट पाठ कर’ हा सल्ला इथे फारसा उपयोगी पडत नाही.

क्लोरिनमध्ये साडेअठरा न्यूट्रॉन?

क्लोरिनचा अणुअंक, म्हणजे प्रोटॉनची संख्या, १७. तक्त्यात अणुवस्तुमान दिसतं ३५.५. वजाबाकी केली की न्यूट्रॉन १८.५. अर्धा न्यूट्रॉन लिहिताना हात थबकायला हवा, पण कॅल्क्युलेटरवर आकडा दिसला की विद्यार्थी तो उतरवून मोकळे होतात.

वजाबाकीत वापरायचा असतो अणुवस्तुमानांक, म्हणजे एकाच अणूतल्या प्रोटॉन आणि न्यूट्रॉनची बेरीज. ती कायम पूर्णांकात येते. तक्त्यातलं ३५.५ ही निसर्गात मिळणाऱ्या समस्थानिकांची (प्रोटॉन तेवढेच, न्यूट्रॉन वेगवेगळे अशा अणूंची) सरासरी आहे. सुमारे ७६ टक्के क्लोरिन-३५ आणि २४ टक्के क्लोरिन-३७ यांची सरासरी काढा, साडेपस्तीसच्या आसपास येईल. १८ किंवा २० न्यूट्रॉन असलेले क्लोरिनचे अणू असतात, साडेअठरा असलेला एकही नसतो. तांब्याच्या ६३.५ चंही हेच.

सोडिअमच्या बाबतीत ही चूक लपून राहते, कारण तिथे अणुवस्तुमान जवळजवळ २३ आहे आणि उत्तर योगायोगाने बरोबर येतं. दहा उदाहरणं सोडिअम, फ्लुओरीन, ॲल्युमिनिअमची सोडवून घेतली तर चुकीची पद्धतच पक्की होते. सराव क्लोरिनपासून सुरू करावा.

आयन झाला म्हणून मूलद्रव्य बदललं नाही

आयन म्हणजे इलेक्ट्रॉन देऊन किंवा घेऊन प्रभारित झालेला अणू. सोडिअमने एक इलेक्ट्रॉन दिला, त्याच्याकडे दहा उरले, निऑनकडेही दहाच. इथवर ठीक. पुढचं वाक्य असतं, ‘सोडिअमचं निऑन झालं.’ नाही झालं. केंद्रकात अकरा प्रोटॉन आहेत तोवर ते सोडिअमच. रासायनिक अभिक्रियेत केंद्रकाला धक्काही लागत नाही.

दहा इलेक्ट्रॉनांचे हे गडी ओळीने मांडले की गोष्ट स्पष्ट होते. ऑक्साइड आयनाची त्रिज्या सुमारे १४० पिकोमीटर, फ्लुओराइड १३३, सोडिअम आयन १०२, मॅग्नेशिअम आयन ७२. चौघांकडे इलेक्ट्रॉन तेवढेच, पण प्रोटॉन ८, ९, ११, १२. ओढ वाढत गेली, आकार आवळत गेला. ‘इलेक्ट्रॉन सारखे म्हणून आकार सारखा’ असं लिहिणाऱ्याने प्रोटॉन मोजलेलेच नसतात.

इथेच आणखी एक लाडकं वाक्य सापडतं: ‘अष्टक पूर्ण करण्यासाठी सोडिअम इलेक्ट्रॉन देतो.’ अष्टक म्हणजे बाहेरच्या कवचात आठ इलेक्ट्रॉन. पण अणूला कसली इच्छा असणार? सोडिअमच्या एका मोल अणूंमधून प्रत्येकी एक इलेक्ट्रॉन काढायला ४९६ किलोज्यूल खर्च करावे लागतात. क्लोरिनने ते इलेक्ट्रॉन घेतले की ३४९ परत मिळतात. म्हणजे नुसत्या देवाणघेवाणीत तोटाच आहे. तो भरून निघतो आयन एकत्र येऊन मिठाचा स्फटिक बनताना, कारण तिथे मोलमागे सुमारे ७८७ किलोज्यूल बाहेर पडतात. आणि सोडिअम दुसरा इलेक्ट्रॉन का देत नाही? त्यासाठी ४५६२ किलोज्यूल लागतात, आणि एवढी किंमत स्फटिकातूनही वसूल होत नाही. दहावीपर्यंत अष्टकाचं वाक्य चालून जातं, पण ते कारण आहे असं मनात धरून बसलात तर बारावीच्या उष्मागतिकीत अडखळाल.

इलेक्ट्रॉन संरूपण: विसाव्या मूलद्रव्यानंतरची घसरण

सगळ्यात जास्त गुण इथे, म्हणजे इलेक्ट्रॉन कवचांत कसे मांडलेले आहेत हे लिहिताना जातात, म्हणून जरा थांबून बघू.

दोन गुणिले एनचा वर्ग (एन म्हणजे कवचाचा क्रमांक) हे सूत्र सांगतं, तिसऱ्या कवचात १८ इलेक्ट्रॉन मावतात. मग पोटॅशिअमचे १९ इलेक्ट्रॉन मांडताना विद्यार्थी २, ८, ९ लिहितो. सूत्राने तो चुकलेला नाही! सूत्र मावण्याची कमाल मर्यादा सांगतं, भरण्याचा क्रम सांगत नाही. पोटॅशिअममध्ये एकोणिसावा इलेक्ट्रॉन ३डी ऐवजी ४एस कक्षकात (आकडा कवचाचा, अक्षर कक्षकाच्या प्रकाराचं) जातो, कारण तिथे त्याची ऊर्जा कमी राहते. म्हणून २, ८, ८, १.

मग दुसरा विद्यार्थी ‘बाहेरच्या कवचात आठच’ एवढं धरून ठेवतो आणि स्कँडिअमला २, ८, ८, ३ लिहितो. बरोबर आहे २, ८, ९, २. कॅल्शिअमपर्यंत चाललेली युक्ती एकविसाव्या मूलद्रव्याला मोडते, कारण आता आतलं एम कवच पुन्हा भरायला लागलं. लोहापर्यंत पोचताना ते १४ वर जातं: २, ८, १४, २.

यापुढची चूक हुशार मुलं करतात. लोहाचा अधिक दोन प्रभाराचा आयन लिहायला सांगितला की ती ‘४एस आधी भरलं, ३डी नंतर, म्हणून शेवटी भरलेलं आधी निघणार’ असा तर्क लावतात आणि ३डी मधून दोन इलेक्ट्रॉन काढतात. निघतात ते ४एस मधले. आयनात ३डी चे सहाही इलेक्ट्रॉन तसेच राहतात, अधिक तीनमध्ये पाच. भरण्याचा क्रम म्हणजे एका मूलद्रव्याकडून पुढच्याकडे जाताना प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन दोन्ही एकेकाने वाढत जाण्याची गोष्ट. आयन होताना केंद्रक तेच राहतं, फक्त इलेक्ट्रॉन कमी होतात. हे दोन वेगळे प्रवास आहेत, एकाची फिल्म उलटी फिरवून दुसरा मिळत नाही. लिहिताना एक सवय लावा: आधी उदासीन अणूचं संरूपण पूर्ण लिहा, कक्षक कवचांच्या क्रमाने मांडा, आणि मग सगळ्यात बाहेरच्या कवचातून इलेक्ट्रॉन काढा.

क्रोमिअम आणि तांबं हे दोन अपवाद सगळ्यांना पाठ असतात. क्रोमिअममध्ये ३डी त ५ आणि ४एस मध्ये १, तांब्यात १० आणि १. ‘अर्धं किंवा पूर्ण भरलेलं स्थिर’ हे स्पष्टीकरणही तयार असतं. पण तोच नियम घेऊन कुणी क्रोमिअमच्या गणात (तक्त्यातल्या उभ्या स्तंभात) खाली उतरलं, तर मॉलिब्डेनमला तो लागू पडतो आणि टंगस्टनला पडत नाही. टंगस्टनमध्ये ५डी त ४ आणि ६एस मध्ये २ इलेक्ट्रॉन असतात. नायोबिअममध्ये तर ४डी त ४ आणि ५एस मध्ये १, म्हणजे ना अर्धं ना पूर्ण. ते स्पष्टीकरण सोय म्हणून ठीक आहे. चौथ्या आवर्ताबाहेर (आवर्त म्हणजे तक्त्यातली आडवी ओळ) त्याच्या जोरावर अंदाज बांधू नका.

कक्षा (इलेक्ट्रॉनची ठरलेली गोल वाट) आणि कक्षक यांची सरमिसळही पुष्कळ दिसते. बोर यांचं १९१३ चं प्रारूप हायड्रोजनच्या वर्णपटाला (त्याच्या प्रकाशातल्या रंगरेषांना) उत्तम बसलं, पण दोन इलेक्ट्रॉनांच्या हेलिअमलाच ते पुरलं नाही. अकरावीच्या उत्तरात गोल कक्षा काढून त्यावर ‘२पी’ लिहिलं की तपासणाऱ्याला पुढचं वाचायची गरज उरत नाही.

‘इलेक्ट्रॉन वाढले, मग अणू लहान कसा?’

तिसऱ्या आवर्तात सोडिअमची त्रिज्या १८६ पिकोमीटर, क्लोरिनची ९९. सहा इलेक्ट्रॉन जास्त असूनही अणू निम्म्यावर आला. कारण नवे इलेक्ट्रॉन त्याच कवचात येतात, ते एकमेकांना फारसा आडोसा देत नाहीत, आणि केंद्रकातले प्रोटॉन मात्र वाढत राहतात. गणात खाली जाताना नवं कवच सुरू होतं, म्हणून तिथे आकार वाढतो. आवर्ती कलांचा (तक्त्यात गुणधर्म क्रमाने कसे बदलतात याचा) कुठलाही प्रश्न आला तर तीन गोष्टी विचारा: प्रोटॉन किती, मधल्या कवचांचा आडोसा किती, आणि इलेक्ट्रॉन किती लांब. फक्त ‘डावीकडून उजवीकडे कमी होते’ एवढंच लिहिलं तर ते निरीक्षण झालं. प्रश्न ‘कारण द्या’ असेल तर त्याला अर्धेच गुण.

तक्त्यात मग अरगॉनसमोर १८८ दिसतं आणि कला कोसळल्यासारखी वाटते. कोसळत नाही. क्लोरिनची त्रिज्या बंधात जोडलेल्या दोन अणूंवरून मोजली आहे, अरगॉनची न जोडलेल्या, नुसत्या शेजारी टेकलेल्या अणूंवरून. मोजमापाची पद्धतच वेगळी असल्याने ते दोन आकडे शेजारी ठेवून तुलना करण्यात अर्थ नाही.

आयनीभवन ऊर्जेतले (अणूतून एक इलेक्ट्रॉन काढायला मोलमागे लागणाऱ्या किलोज्यूलमधले) खड्डे ठरावीक आहेत. बेरिलिअम ८९९, पुढचं बोरॉन ८०१. नायट्रोजन १४०२, पुढचा ऑक्सिजन १३१४. मॅग्नेशिअम ७३८, ॲल्युमिनिअम ५७८. बोरॉन आणि ॲल्युमिनिअममध्ये निघणारा इलेक्ट्रॉन पी कक्षकातला असतो, तो एस मधल्यापेक्षा सैल बसलेला. ऑक्सिजनमध्ये एका पी कक्षकात जोडी झालेली असते आणि जोडीतल्या प्रतिकर्षणामुळे एक सहज सुटतो. हे तीन खड्डे विचारले जाणारच, असं धरून चाला.

विद्युतऋणता आणि इलेक्ट्रॉन स्वीकारताना बाहेर पडणारी ऊर्जा या दोन राशी एक समजल्या जातात. विद्युतऋणता फ्लुओरीनची सर्वाधिक, हे खरं. ती बंधातल्या इलेक्ट्रॉनांवरची ओढ आहे. एकट्या अणूने इलेक्ट्रॉन घेतल्यावर बाहेर पडणारी ऊर्जा मात्र क्लोरिनची जास्त: ३४९, फ्लुओरीनची ३२८. फ्लुओरीनचा अणू इतका छोटा आहे की आधीच दाटीत बसलेले इलेक्ट्रॉन नव्याला ढकलतात. बहुपर्यायी प्रश्नात या दोन्हींसाठी डोळे मिटून फ्लुओरीनवर खूण करणारे खूप.

गण क्रमांक, हेलिअम आणि विजयदुर्ग

सतराव्या गणात सतरा संयुजा इलेक्ट्रॉन (बाहेरच्या कवचातले) नसतात. १३ ते १८ गणांसाठी दहा वजा करा, १ आणि २ साठी तोच आकडा घ्या. मधल्या ३ ते १२ गणांना ही युक्ती लावू नका. लोह आठव्या गणात आहे, त्याची नेहमीची संयुजा २ आणि ३.

हेलिअमकडे दोनच इलेक्ट्रॉन, म्हणून त्याला मॅग्नेशिअमच्या रांगेत बसवणारे दरवर्षी भेटतात. त्याचं एकमेव कवच दोनातच भरतं, म्हणून तो अठराव्या गणात. हायड्रोजन पहिल्या गणात दिसतो, पण तो सोडिअम, पोटॅशिअमसारखा अल्क धातू नव्हे.

हेलिअमचा विषय निघालाच आहे तर आपल्याकडची एक चूकही दुरुस्त करू. ‘१८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात लॉकियर यांनी विजयदुर्गावरून हेलिअम शोधला’ असं मराठीत सर्रास वाचायला मिळतं. त्या दिवशी इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर इंग्लंडमध्ये होते. ग्रहण पाहायला फ्रान्सचे खगोलशास्त्रज्ञ जान्सेन आले होते, ते गुंटूरला. लॉकियर यांनी ग्रहणाशिवाय सूर्याच्या कडेचा वर्णपट घेतला तो २० ऑक्टोबर १८६८ ला, इंग्लंडमधूनच. त्या वर्णपटातली पिवळी रेषा अनोळखी मूलद्रव्याची असावी हा विचार त्यानंतरचा, आणि पृथ्वीवर हेलिअम हाती लागला थेट १८९५ मध्ये, रॅमसे यांना. कोकणचा अभिमान मलाही आहे, पण परीक्षेत हे वाक्य लिहू नका.

मेंडेलीव्ह यांच्या नावावर मोजले यांचं काम

‘मेंडेलीव्ह यांनी मूलद्रव्यं अणुअंकानुसार मांडली’ हे वाक्य १८६९ साली शक्यच नव्हतं. तेव्हा प्रोटॉन माहीत नव्हता, केंद्रकही नव्हतं. मांडणी अणुवस्तुमानानुसार होती, पण आंधळेपणाने नाही. टेल्युरिअम आयोडीनपेक्षा जड, तरी गुणधर्म पाहून त्यांनी टेल्युरिअम आधी ठेवला आणि त्याचं वस्तुमानच चुकीचं मोजलं गेलं असेल असं मानलं. जागा बरोबर निघाली, तर्क चुकला. टेल्युरिअम खरोखरच जड आहे, १२७.६ विरुद्ध १२६.९, कारण त्याच्यात जड समस्थानिकांचं प्रमाण मोठं आहे. अरगॉन आणि पोटॅशिअमची गोष्टही तीच. अणुअंकाला भौतिक अर्थ मिळाला इंग्रज भौतिकशास्त्रज्ञ हेन्री मोजले यांच्या १९१३ च्या क्ष-किरण प्रयोगांतून. १९१५ मध्ये गॅलिपोलीच्या लढाईत ते मारले गेले, तेव्हा वय होतं २७.

चिन्हांबद्दल थोडक्यात: दुसरं अक्षर लहानच लिहा. कोबाल्टची दोन्ही अक्षरं मोठी काढलीत तर तो कार्बन मोनॉक्साइड होतो. प्रयोगशाळेच्या भिंतीवरचा तक्ता २०१६ च्या आधीचा असेल तर त्यात निहोनिअम, मॉस्कोव्हिअम, टेनेसिन आणि ओगॅनेसन ही नावं नसतील. सातवं आवर्त पूर्ण भरलं आहे, मूलद्रव्यं ११८.

‘निष्क्रिय’ म्हणजे कधीच नाही?

राजवायू, म्हणजे अठराव्या गणातले हेलिअम, निऑन, झेनॉनसारखे वायू, कधीच अभिक्रिया करत नाहीत असं १९६२ पर्यंत मानत. रसायनशास्त्रज्ञ नील बार्टलेट यांना दिसलं की प्लॅटिनम हेक्साफ्लुओराइड ऑक्सिजनच्या रेणूतूनही इलेक्ट्रॉन काढून घेतं. त्या रेणूची आयनीभवन ऊर्जा सुमारे ११६५ किलोज्यूल, झेनॉनची ११७०. फरक नगण्य, म्हणून त्यांनी तोच प्रयोग झेनॉनवर केला आणि राजवायूचं पहिलं संयुग मिळालं. त्यानंतर झेनॉनची फ्लुओराइडं आणि ऑक्साइडंही बनली. हेलिअम आणि निऑन यांची नेहमीच्या परिस्थितीत स्थिर संयुगं नाहीत. उत्तरात ‘राजवायू अभिक्रिया करत नाहीत’ ऐवजी ‘सहजासहजी करत नाहीत’ असं लिहा, आणि उदाहरण मागितलं तर झेनॉन टेट्राफ्लुओराइड द्या.